मुकादमाचा भरलेला वाडगा

मी मुकादम बोलतोय. नाव ऐकून दबकू नका. वय बारा, मागचे दोन्ही पाय निकामी, एक कान फाटका आणि स्वभाव पक्का भित्रा. घाबरलेला कुत्रा शेपूट घालतो म्हणतात. मला तीही सोय नाही, कारण कमरेच्या मागचं काहीच माझं ऐकत नाही. शेपूट पडेल तिथे पडून असते. त्यामुळे माझी भीती लोकांना दिसत नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

माझा जन्म लाकडाच्या वखारीतला. भुशाच्या ढिगात आईनं आम्हा पाच जणांना घातलं. चार जण कुणी ना कुणी उचलून नेले, मी राहिलो. हमाल फळ्या उचलायचे आणि मी बाजूला उभा राहून बघायचो, एवढंच माझं काम. "आला बघा मुकादम, आता कुणी बसू नका रे," असं ते हसून म्हणायचे, आणि तेच नाव चिकटलं. नऊ वर्षं मी वखार राखली. राखली म्हणजे काय, फळ्यांच्या थप्पीमागे उभं राहून जोरजोरात भुंकलो. समोर जायची छाती माझ्यात कधीच नव्हती. चोरांना ते कळलं नाही, हे माझं नशीब.

मग एका दुपारी ट्रकच्या सावलीत झोपलो होतो. रोजच झोपायचो. त्या दिवशी ट्रक मागे आला. ड्रायव्हर खाली उतरला, मला बघून मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. वखारवाल्यांनी मला गोणपाटात घालून जखमी जनावरांच्या निवाऱ्यात आणून सोडलं. "बरा झाला की नेतो," म्हणाले. मी फाटकाकडे तोंड करून पडून राहायचो. ते आले नाहीत. राग नाही असं म्हटलं तर खोटं होईल. नऊ वर्षं राखण केली होती मी.

निवारा चालवणाऱ्या ताईंनी मला पाइपाची दोन चाकांची गाडी करून दिली. कंबर पट्ट्यात अडकवायची आणि पुढच्या पायांनी ओढत चालायचं. चालणं जमलं. जमलं नाही ते दुसरंच. पाणी प्यायलो की ते माझ्यातून कधी सुटेल हे मला कळतच नाही. पोटाखालची फरशी गार लागली की समजतं, झालं वाटतं. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी पोट दाबून मोकळं करावं लागतं, आणि तरी मधे गळतंच. लंगोट बांधले तर कातडी सोलवटते, म्हणून ते फक्त बाहेर जाताना. लाज वाटते का? वाटते. पण लाजेपेक्षा मोठी भीती होती.

ती भीती म्हणजे वजनकाटा. निवाऱ्यात एक चपटा काळा काटा होता. जनावराला त्यावर ठेवायचं, डॉक्टरीणबाई आकडा बघायच्या, सुईत औषध भरायच्या आणि जनावराला मागच्या खोलीत न्यायचं. काही परत यायची, काही यायची नाहीत. माझ्या शेजारच्या पिंजऱ्यात एक आंधळी म्हातारी कुत्री होती. तिला एका सकाळी काट्यावर ठेवलं. तिचा पिंजरा संध्याकाळी धुऊन उलटा टाकला होता. डॉक्टरीणबाई नळाखाली हात धूत कितीतरी वेळ उभ्या होत्या. ताई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "फार आजारी होती हो. त्यात दोनदा घरून परत आलेली."

आजारी होती हे मी ऐकलंच नाही. 'दोनदा परत आलेली' एवढंच माझ्या कानात शिरलं. कारण तोपर्यंत मीही दोनदा परत आलो होतो.

पहिल्या घरी एक तरुण जोडपं होतं. त्यांनी माझे खूप फोटो काढले. नवव्या दिवशी त्यांच्या गालिच्यावर डाग पडला आणि दहाव्या दिवशी मी निवाऱ्याच्या गाडीत होतो. दुसऱ्या घरचे काका चांगले होते, पण काकू रोज पोछा घेऊन माझ्यामागे. त्या बिचाऱ्या वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. शेवटच्या दिवशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "एवढं पाणी पितो तरी कशाला हा?"

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्या एका वाक्यावर विचार करत होतो. खरंच की. सुटणं माझ्या हातात नाही, पण पिणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुत्र्याला एवढी अक्कल कुठून? भीतीनं फार अक्कल येते. चुकीची येते, पण येते.

मग सीटवाले मास्तर आले. ते मला घ्यायला आले नव्हते, निवाऱ्याच्या गाडीच्या फाटक्या सीटांचं माप घ्यायला आले होते. मोटारींच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. साठीचा माणूस, कानावर खडू, बोटांना चिकटवायच्या सोल्युशनचा वास. माप घेता घेता त्यांची नजर माझ्या गाडीच्या पट्ट्यावर गेली. पट्टा काखेत घासून तिथे जखम झाली होती. त्यांनी काही न बोलता कानावरचा खडू काढला, पट्ट्यावर दोन रेघा मारल्या आणि निघून गेले. दोन दिवसांनी नवा पट्टा आणला, आतून मऊ फोम लावलेला. पुन्हा आले, तो थोडा सैल केला. तिसऱ्यांदा आले तेव्हा काहीच काम नव्हतं. उगाच माझ्यापाशी उकिडवे बसले आणि ताईंना म्हणाले, "घरी नेऊ का याला?"

ताईंची पद्धत ठरलेली होती. आधी पंधरा दिवस नेऊन बघायचं, मग त्या स्वतः येणार, आणि घरच्यांची तयारी असेल तर कागदावर सही. "मास्तर, याचं तिसरं घर आहे हे," ताई हळूच म्हणाल्या. "पुन्हा परत आला तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती, मला सगळं समजलं.

पंधरा दिवस. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं. या घरात फरशी ओली होणार नाही म्हणजे नाही.

मास्तरांचं घर म्हणजे पुढे कारखाना, मागे दोन खोल्या. कारखान्यात रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे आणि जनावराएवढं एक शिलाई मशीन. मागच्या पहिल्या खोलीत खिडकीखाली त्यांनी माझ्यासाठी फोमची गादी मांडली. जागा उजेडाची होती. फक्त फरशीवर चार गोल काळपट डाग होते, पलंगाच्या पायांचे असतात तसे, आणि माझी गादी नेमकी त्या चारांच्या मधे आली होती.

संध्याकाळी मास्तरांची मुलगी घरी आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो ब्रेक!" ओरडून तिचा आवाज बसलेला असतो. दारातून तिनं मला पाहिलं आणि तिथेच थांबली.

"बाबा, हे काय आहे?"

"कुत्रा आहे, बाळ."

"ते दिसतंय मला. चालता येत नाही त्याला. आणि तुम्ही त्याला तिथे ठेवलंय? आईच्या जागेवर?"

मास्तर टेपनं काहीतरी मोजायला लागले. मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"सहा वर्षं या खोलीत काय वास होता, आठवतो ना? आत्ता कुठे तो गेलाय," ती म्हणाली. "मी कॉलेज करून, चादरी धुऊन, पुन्हा... नाही. मला नाही जमणार पुन्हा."

"पंधराच दिवस," मास्तर म्हणाले. "नाही पटलं तर ताई घेऊन जातील."

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "आणि फरशीवर एक थेंबसुद्धा दिसला तर दुसऱ्या दिवशी परत."

एक थेंबसुद्धा. मी गादीवर अंग चोरून पडून राहिलो. पुढचे पाय मी पोटाखाली दडवले.

न पिण्याचीही एक कला असते. मास्तर पाण्याचा वाडगा पुढे ठेवून बघत बसायचे. मी नाक बुडवायचो, मिशा ओल्या करायचो, जिभेचा चपचप आवाज काढायचो. "शाब्बास!" म्हणून ते मशीनकडे वळले की माझं तोंड बाजूला. दिवसभरात चार-पाच घोट, तेही घसा अगदी चिकटला तर. ते सकाळ-संध्याकाळ माझं पोट दाबायला शिकले होते. थेंबभर यायचं. त्यांना वाटायचं, झालं मोकळं.

आणि मग त्यांनी माझं कौतुक सुरू केलं. गिऱ्हाईक आलं की, "बघा, बारा वर्षांचा आहे, पण एकदाही घाण केली नाही." ताईंचा फोन आला की, "अहो, उगाच बदनाम केलाय याला. एकदम स्वच्छ प्राणी!" ताई विचारायच्या, "पाणी पितो ना?" "भरपूर!" मास्तर सांगायचे. जितकं कौतुक वाढायचं, तितकी माझी धास्ती वाढायची. शेवटी मी चार घोटांचे दोन केले.

मुलगी मात्र कौतुक करायची नाही. ती माझ्या कोपऱ्याकडे बघायचीच नाही. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी मी गाडीला जुंपून घेऊन कारखान्यातून वळत होतो आणि माझं चाक मशीनच्या पायात अडकलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, वळायच्या आधी मागे बघावं!" मी मागे पाहिलं. ती हसली, आणि हसल्याचा राग आल्यासारखी आत निघून गेली. आठव्या दिवशी तिनं माझ्या फाटक्या कानाला बोट लावलं. लगेच काढून घेतलं. मला वाटलं, अजून सात दिवस. फक्त सात दिवस कोरडं राहायचं आहे.

दहाव्या दिवशी जेवण नकोसं झालं. अकराव्या दिवशी गाडीला जुंपल्यावर पुढचे पायसुद्धा लटपटायला लागले. "म्हातारपण," मास्तर म्हणाले आणि माझ्यासाठी आणखी मऊ फोम कापायला बसले. मऊ फोमवर पडून मी तहानेनं वाळत होतो, आणि माझ्या पुढ्यात काठोकाठ भरलेला वाडगा होता. पाण्यात खिडकी दिसायची. मी डोळे मिटून घ्यायचो.

तेराव्या दिवशी दुपारी मुलगी जेवायला घरी आली. मास्तर माझा वाडगा दारातल्या कुंडीत रिकामा करत होते. दर दुपारी करायचे. शिळं पाणी टाकायचं, ताजं भरायचं, ताईंनी तसं सांगितलं होतं. त्या कुंडीतलं मरायला टेकलेलं रोप या तेरा दिवसांत चांगलं तरारलं होतं.

मुलगी रोपाकडे बघत राहिली.

"बाबा, रोज असंच टाकता का पाणी?"

"हो मग. ताजं नको का द्यायला?"

"रोज एवढंच असतं?"

"एवढंच म्हणजे?"

"भरलेला वाडगा टाकताय तुम्ही. मग हा पितो काय?"

मास्तर हातातल्या रिकाम्या वाडग्याकडे बघत उभे राहिले.

ती माझ्याजवळ आली. आठव्या दिवशी बोट लावलं होतं तशी नाही, सरळ गुडघे टेकून बसली. तिनं माझ्या मानेवरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. कातडी खाली बसली नाही. उभीच राहिली, रेक्झिनला घडी पडावी तशी.

तिनं पुन्हा एकदा उचलून पाहिली. तशीच.

"आईची अशीच राहायची," ती म्हणाली. "शेवटी शेवटी. हाताची कातडी. डॉक्टर विचारायचे, पाणी देत नाही का यांना? आणि मी शपथा घ्यायचे, तांब्या भरून ठेवते म्हणून. बाबा, ती प्यायचीच नाही. माझी परीक्षा होती ना तेव्हा. चादर बदलायला लागू नये म्हणून आई पाणीच प्यायची नाही. मला नंतर कळलं. फार नंतर कळलं."

मास्तर खुर्ची नसलेल्या जागी बसायला गेले आणि भिंतीला धरून खाली बसले. "मला म्हणाली होती," ते पुटपुटले. "पोरीला सांगू नका म्हणाली होती."

मग मुलीनं फोन उचलला.

डॉक्टरीणबाई आणि ताई तासाभरात आल्या. निवाऱ्याच्या गाडीचा आवाज मी गल्लीच्या तोंडापासून ओळखला. आणि दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या काखेत तो होता, काळा, चपटा काटा.

मी ओरडलो. वखारीतल्या ट्रकखाली ओरडलो होतो, त्यानंतर पहिल्यांदाच. मला उचलून काट्यावर ठेवलं. एकोणीस किलोचा मी सोळा किलो भरलो. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली. मला वाटलं, संपलं. तेरा दिवस फरशी कोरडी ठेवली, तरी संपलं. मी मुलीकडे पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही. बहुतेक ती दारापासून लांब, माझ्याच बाजूला बसली होती म्हणून.

सुई मानेच्या कातडीत गेली. झोप आली नाही. नुसतं गार गार काहीतरी अंगात उतरायला लागलं. "सलाईन आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे रोज देता येणार नाही. तोंडानं प्यायला हवा, नाहीतर याची किडनी जाईल."

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, स्पष्ट सांगते. हा पाणी प्यायला लागला की गळणार. रोज गळणार. ज्या स्वच्छपणाचं तुम्ही कौतुक करत होतात, तो स्वच्छपणा नव्हताच. तुम्हाला झेपणार नसेल तर मी आजच घेऊन जाते. तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही."

मास्तर मुलीकडे बघत होते. मीही बघत होतो.

ती उठली. वाडगा भरून आणला, माझ्या तोंडाशी धरला. "पी."

मी तोंड फिरवलं. तिनं ओंजळीत घेतलं. मी दात आवळले. तिनं ओलं बोट माझ्या ओठांवर फिरवलं. जीभ बाहेर यायला तडफडत होती, पण मी ती आत ओढली. 'एक थेंबसुद्धा' हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं एक अजब गोष्ट केली. तिनं तो वाडगा उचलला आणि फरशीवर उपडा केला. त्या चार डागांच्या मधोमध. पाणी गादीखाली गेलं, माझ्या पोटाखाली गेलं, मास्तरांच्या चपलांपर्यंत गेलं. आणि ती त्या पाण्यात, चांगल्या कपड्यांत, मांडी घालून बसली.

"हे बघ," ती मला म्हणाली. "झाली फरशी ओली. काय झालं? काही झालं का? कुणी ओरडलं? कुणी तुला उचलून नेलं?" तिचा आवाज फाटला. "एवढंच असतं रे. पुसायचं असतं फक्त. मी पुसलं असतं. शंभर वेळा पुसलं असतं. मला एकदा विचारायचं तरी."

हे ती मला म्हणत नव्हती, एवढं मलाही समजलं. पण समोर मी होतो.

माझ्या नाकाखाली, फरशीवर पाणी होतं. मी एकदा चाटलं. कुणी ओरडलं नाही. पुन्हा चाटलं. मग मला आवरेना. फरशी संपली तेव्हा तिनं वाडगा पुन्हा भरून आणला होता, आणि मी नाक, मिशा, कान सगळं बुडवून प्यायलो. माझा चपचप आवाज पहिल्यांदा खरा होता.

अर्ध्या तासानं व्हायचं ते झालं. पोटाखाली गार लागलं. मी डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली, काकूंच्या उसाशाची, गाडीच्या दाराची. पोछ्याचा ओला आवाज आला. तिचा हात माझ्या पोटाखालून गेला, मला उचलून कोरड्या फोमवर ठेवलं. "चला, मुकादमांची टाकी भरली," ती म्हणाली. "बाबा, सहीला पेन द्या."

पेन सापडेना. तिनं मास्तरांच्या कानावरचा खडू घेतला, तेव्हा ताई रडता रडता हसल्या आणि पर्समधून पेन काढून दिलं.

आता दहा महिने झाले. मास्तरांनी मोटारीच्या सीटच्या रेक्झिनची गादी शिवली आहे, पुसली की कोरडी. मी वखारीसारखाच दारात बसतो आणि गिऱ्हाइकांवर देखरेख करतो. घरात वास येतो का? येतो. खिडक्या उघडतात, पुसतात, पुढच्या कामाला लागतात.

भीती गेली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण गेली नाही. गल्लीत मोठी गाडी मागे येताना ऐकली की अजून माझे पाय कापतात. फरशी ओली झाली की अजून मी आधी डोळे मिटतो, मग एक उघडून बघतो. बहुतेक ते मरेपर्यंत जाणार नाही.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. निवाऱ्यात माझ्यासारखे पुष्कळ पडलेत. म्हातारे, लंगडे, दोनदा परत आलेले. कधी गेलात, तर जो सगळ्यात शहाण्यासारखा, गप्प, कोरडा बसला असेल, त्याचा वाडगा बघा. आणि घरीही कुणी फार त्रास देत नसेल, काही मागत नसेल, तर त्यांचाही तांब्या एकदा बघा.

सहा वाजत आलेत. मुलगी येईल. चपला काढायच्या आधी माझा वाडगा बघेल, रोज बघते. मी तो तळापर्यंत चाटून ठेवला आहे.